चौथ्या पानावरच्या दोन ओळी

आमच्या भागातल्या वाचनालयात दर मे महिन्यात एक परिसंवाद होतो आणि त्यात श्रोते फुलांनी मत देतात. दारात प्रत्येकाला एक झेंडू आणि एक मोगरा मिळतो. विषयाच्या बाजूने असाल तर झेंडू टोपलीत टाकायचा, विरोधात असाल तर मोगरा. हे एकदा आत जाताना आणि पुन्हा एकदा, फुलांची नवी जोडी घेऊन, भाषणं ऐकून बाहेर पडताना. दोन्ही वेळचे आकडे फळ्यावर लिहितात, म्हणजे किती मतं फिरली ते कळतं. मखमलाबादच्या या बाजूला अजून थोडी फुलशेती उरली आहे, म्हणून फुलं. शिवाय ज्या आज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनाही मत देता यावं म्हणून, असं बाबा सांगतात. पद्धतीत एकच खोट आहे. बायका मोगरा टोपलीत टाकत नाहीत, केसांत माळतात. त्यामुळे विरोधी बाजू दरवर्षी थोडी मार खाते आणि चिटणीस काका दरवर्षी माइकवरून म्हणतात, "भगिनींनो, मतं डोक्यात ठेवू नका, टोपलीत टाका."

फुलं आमच्या शेतातली असतात. दारात उभं राहून ती वाटायचं काम माझं. त्यात बोलावं लागत नाही.

बाबा तिथले जुने वक्ते. पहाटे फुलबाजार, दुपारी वाचनालय, असं त्यांचं आयुष्य गेलं. पूर्वी ते भाषण वहीत लिहायचे. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते सांगतात, मी टाइप करते आणि मोठ्या अक्षरांत छापून आणते. मी इंग्रजी शाळेत शिकले. 'एकोणसाठ' ऐकलं की अजूनही मला क्षणभर थांबावं लागतं. बाबांची वाक्यं टाइप करता करताच मी बरीचशी मराठी शिकले.

त्या वर्षीचा विषय होता, 'आता युद्धाला पर्याय नाही'. सीमेवर वातावरण तापलं होतं. शहरात भोंगे वाजवून, दिवे घालवून सराव झाला होता. वारा तिकडून असला की देवळालीच्या तोफांच्या सरावाचा आवाज आमच्याकडे एरवीही येतो, पण त्या आठवड्यात प्रत्येक आवाजाला गल्लीतले लोक गच्चीवर जायचे. माझा दादा सैन्यात आहे. त्याला सुट्टी अर्धी टाकून परत बोलावलं होतं. वहिनी आमच्याकडेच होती. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, त्यातले दोन महिनेही ते एकत्र राहिले नव्हते.

बाबा ओसरीत खुर्चीवर बसून सांगत होते आणि मी पायरीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. चौथ्या पानावर ते थांबले, गळा साफ केला आणि म्हणाले, "लिही. माझा एकुलता एक मुलगा मी देशाला दिला आहे. तो परत आला नाही तरी माझी तक्रार नाही."

मी लिहिलं. आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

संध्याकाळी मी कपडे काढायला गच्चीवर गेले तर वहिनी मागून आली.

"ताई, ते वाक्य काढता येईल का?"

"कोणतं?" मी उगाचच विचारलं.

"तुम्हाला माहितीये कोणतं." ती दिंडोरीकडची, द्राक्षबागेत वाढलेली, मोजकं बोलणारी. "दिला म्हणे. मला नाय कोणी विचारलं. तिथं मला पहिल्या रांगेत बसवणार. टाळ्या पडल्या की सगळे माझ्याकडं बघणार. मी काय करायचं तेव्हा? हसायचं?"

"तू बाबांना सांग ना."

"तुम्ही सांगता?"

मी चिमटे गोळा करत राहिले. बाबांशी आमच्या घरात कुणी वाद घालत नाही. ते रागावतात असं नाही. ते सगळं नीट ऐकून घेतात आणि मग एकेक मुद्दा घेऊन असं उत्तर देतात की शेवटी आपल्यालाच त्यांचं पटलेलं असतं. दहावीनंतर मला मैत्रिणींबरोबर महाबळेश्वरला जायचं होतं, तेव्हा त्यांनी दोन्ही बाजू मांडल्या होत्या. मी गेले नाही, आणि निर्णय माझाच होता.

मी त्यांना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी प्रिंटच्या दुकानात गेले. दुकानदाराने स्क्रीनवरचं शीर्षक वाचलं आणि म्हणाला, "युद्ध का? करून टाका म्हणावं एकदाचं!" तो कागद आणायला आत गेला. तेवढ्या वेळात मी चौथं पान उघडलं आणि त्या दोन ओळी खोडल्या. मग आठ पानं छापून घेतली आणि पायीच घरी आले.

परिसंवादाच्या संध्याकाळी टोपलीत जवळपास सगळे झेंडूच पडले. एरवी लोक फूल टाकून पुढे जातात, त्या दिवशी झेंडू वर धरून एकमेकांना दाखवत होते. वहिनी आली तेव्हा दारातली माणसं बाजूला झाली आणि ती कोणतं फूल टाकते ते पाहू लागली. तिने झेंडू टाकला.

विरोधी बाजूने कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई बोलल्या. चांगलं बोलल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, हे बॉर्डरवर जाऊन सांगा!"

"जाते की," त्या म्हणाल्या. "तुम्ही येता सोबत? पुढे तुम्ही चाला."

सभागृह हसलं. ओरडणाराही हसला. पण बदललं काही नाही, ते चेहऱ्यांवरून कळत होतं. मी इतकी वर्षं त्या दारात उभी आहे. जे फूल टाकून माणूस आत जातो, तेच टाकून तो बाहेर पडतो. आपल्याला वाटतं तेच आपल्यापेक्षा चांगल्या शब्दांत ऐकायला मिळावं, एवढ्यासाठी लोक येत असावेत.

मग बाबा उभे राहिले. पहिल्या पानापासून टाळ्या. चौथ्या पानावर ते थांबले. पान उलटलं, परत मागे आले. लोकांना वाटलं, वक्त्याने मुद्दाम घेतलेली ही शांतता आहे. मला माहीत होतं, बाबांना ते वाक्य पाठ आहे. कागदाची गरजच नव्हती. त्यांनी समोर पाहिलं. पहिल्या रांगेत वहिनी मान खाली घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. बाबांनी पाण्याचा ग्लास उचलला, सावकाश प्यायले आणि पाचव्या पानावरून पुढे वाचू लागले.

झेंडू भरघोस मतांनी जिंकला. चिटणीस काकांनी फळ्यावर आकडे लिहिले आणि जाहीर केलं, "मतपरिवर्तन, तीन!" त्यातला एक मोगरा आईचा होता. तिने तो अंबाड्यात खोचून पाहिला होता, तो राहीना म्हणून जाता जाता टोपलीत टाकला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तिघं मोगऱ्याच्या कळ्या खुडत होतो. एका ओळीत बाबा, पलीकडच्या ओळीत वहिनी आणि मी.

"चौथ्या पानावर दोन ओळी कमी होत्या," बाबा म्हणाले.

"हो."

"मशीनची चूक?"

"नाही. मी काढल्या."

ते खुडत राहिले. तेवढ्यात वहिनी म्हणाली, "मीच सांगितलं होतं ताईंना."

"कारण?" बाबांनी विचारलं.

"कारण नाय काही. मला ते ऐकवलं नसतं."

"पण असं बघ बाळा, सैनिकाच्या घरानंच जर..." बाबांनी सुरुवात केली. पहिला मुद्दा आला की दुसरा येतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं. मी वाट पाहिली. त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. चार-पाच झाडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, "युद्धाबद्दलचं माझं मत तेच आहे."

"असू द्या की," वहिनी म्हणाली.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

आम्ही दोघी पुढच्या झाडावर वाकलो. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग हातातल्या कळ्या पाटीत टाकल्या.

रविवारी दादाचा फोन आला. तो ठीक होता. नेहमी बाबाच आधी बोलतात, दहा मिनिटं तरी, फुलांचा भाव, पाणी, गल्लीतल्या बातम्या. आई शेजारी ताटकळत असते आणि वहिनी दारात. फोन स्पीकरवर होता. दादाने विचारलं, "काय मग, परिसंवाद जिंकलात म्हणे. विषय काय होता यंदा?"

बाबांनी दाराकडे पाहिलं.

"होता असाच काहीतरी," ते म्हणाले. "मी नंतर बोलतो. आधी हिच्याशी बोल."

त्यांनी स्पीकर बंद केला आणि फोन वहिनीच्या हातात दिला. ती तो घेऊन आतल्या खोलीत गेली. बाबा उठले आणि त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.