हार घातलेला गिअरबॉक्स

मेढ्याहून येताना माझी गाडी दुसऱ्या गिअरमध्येच अडकली. साताऱ्यातल्या गॅरेजमध्ये ती दुरुस्त केली तिशीतल्या एका बाईनं. गिअरबॉक्स खोलून तिनं डोळे मिटले, एकेक चाक बोटांनी चाचपलं आणि झिजलेला दात बरोबर शोधला.

"कुठं शिकलात?" मी विचारलं.

"हितंच, भंगारातलं खोलून. दोन वर्सं आयटीआयचा कोर्सबी केला. पर तितला गिअरबॉक्स कवा खोलूच दिला न्हाई. सर म्हनायचे, बिघडंल. खंडेनवमीला आमी त्याला निस्ता हार घालायचो."

ती हसली. माझं मात्र डोकं फिरलं. यंत्र बिघडू नये म्हणून शिकणाऱ्यांची वर्षं वाया घालवायची?

"मग प्रॅक्टिकलला मार्क किती दिले?" मी तणतणलो.

बोल्ट आवळत ती म्हणाली, "पैकीच्या पैकी."