पितळी बूच

घड्याळजींना लोक पाठीमागे ‘टिकटिक’ म्हणत. दुकानातल्या घड्याळांमुळे म्हणतात, असा त्यांचा समज होता. खरं कारण त्यांची छाती. ती सदानकदा धडधडायची. लिफ्टमध्ये शिरताना ते आधी वजनाची पाटी वाचत, मग आतल्या मंडळींच्या पोटांकडे बघत आणि शेवटी जिना गाठत. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. हे न पोळताच पाणीसुद्धा फुंकून पीत.

भीती नसायची ती एकाच जागी. दुकानात, डोळ्याला भिंग लावून बसल्यावर. तिथे केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरली तरी हात हलायचा नाही. चाळीस वर्षांत आपल्या कामाबद्दल ‘चुकलं माझं’ असं ते कुणाला म्हणाले नव्हते. बायकोला तर नाहीच.

त्यांच्या इमारतीला बोअरचं पाणी. पाणी कसलं, पातळ केलेला दगड. नळांना पांढऱ्या मिशा फुटलेल्या, बादल्यांना आतून चुना फासल्यासारखा, किटलीच्या तळाला पापुद्रे. साबणाला फेस येत नसे, तो आंघोळ करणाऱ्याच्या तोंडाला यायचा. बायको दर रविवारी लिंबाची सालं घेऊन नळांवर तुटून पडे आणि बुधवारपर्यंत मिशा परत.

न्हाणीघरातला गीझर तापताना आत कुणी खडे चाळतंय असा आवाज करायचा. ते एक वेळ चाललं असतं. पण त्याच्या खालच्या छोट्या नळीतून थेंब पडायचा, आणि तो वेळेत पडत नसे. एक, दोन, मग मोठा खंड, मग लागोपाठ तीन. घड्याळजी बाहेरच्या खोलीत बसून दातओठ खात. शेवटी एका सकाळी त्यांनी नळीचं माप घेतलं, दुकानातल्या लेथवर पितळेचं इवलंसं बूच घडवलं, आटे पाडले आणि नळीच्या तोंडात घट्ट बसवलं. थेंब बंद.

“काय केलंत हो?” बायकोने कौतुकाने विचारलं.

“क्षार होता जरा. काढला,” घड्याळजी म्हणाले, आणि शाबासकी खिशात घातली.

चौथ्या दिवशी सकाळी इमारतीचा प्लंबर घड्याळाचा सेल बदलायला दुकानात आला. सेल बसवता बसवता घड्याळजींनी विषय काढलाच. बढाई मारायला गिऱ्हाईक लागतंच.

“काय रे, गीझरची ती खालची नळी उगाच गळते, नाही का?”

“उगाच कसली, काका? टाकीचा श्वास आहे तो. पाणी तापलं की फुगतं, जास्तीचं तिथून निघतं. आपल्याकडे क्षार इतका, की तापमान बघणारी दांडीच लिंपून जाते. मग गीझर बंदच होत नाही, तापतच राहतो. अशात कुणी ती नळी बुजवली तर…” प्लंबरने ओंजळ मिटली आणि एकदम उघडली. “मागे एके ठिकाणी टाकी छत फोडून वर गेली होती.”

घड्याळजींच्या चिमट्यातला सेल खाली पडला. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच. भिंतीवर सव्वानऊ झाले होते. बायको नऊला गीझर लावते आणि साडेनऊला आंघोळीला जाते.

त्यांनी फोन लावला. चौथ्या घंटेला तिने उचलला.

“अगं, गीझर बंद कर. आत्ता.”

“काल गॅस, परवा लिफ्ट, आज गीझर. उद्यासाठी काही शिल्लक ठेवा.”

“अगं, ऐक माझं…”

“पाणी तापलंय छान. आज खडखडतोय मात्र फार, नुसता उड्या मारतोय. टॉवेल घेतलाय हातात, ठेवते.”

उड्या मारतोय. तिची तरी काय चूक? ‘लांडगा आला’ ओरडण्यात यांचा जन्म गेलेला. आता खरा आला होता आणि त्याला यांनी स्वतःच दाराआड कोंडला होता. समोर प्लंबर उभा.

“चुकलं माझं,” ते म्हणाले.



“काय म्हणालात?”

“चुकलं माझं. तो थेंब मी बूच मारून बंद केला. क्षारबिर काही काढला नाही. खोटं बोललो. टाकी फुटेल गं.”

फोनमधून चपलांची फटफट ऐकू आली, मग मेन स्विचचा खटका, मग दार आपटल्याचा आवाज.

घड्याळजी दुकान उघडं टाकून धावले. मागोमाग पिशवी घेऊन प्लंबर. बायको खालच्या मजल्याच्या जिन्यात टॉवेल मांडीवर घेऊन बसली होती, चेहरा पांढराफटक. घड्याळजी तिच्याशेजारी बसले ते पडल्यासारखेच. दोघं गीझर निवायची वाट बघत राहिली. वर कुठे भांडं वाजलं तरी घड्याळजी तिचा दंड धरत, आणि तीही धरू देत होती.

बऱ्याच वेळाने प्लंबरने वर जाऊन, हात लांब ठेवून पान्याने बूच फिरवलं. शेवटच्या आट्याला ते सुटलं आणि समोरच्या फरशीवर ठण्णकन आपटलं. मागून अजूनही कढत पाण्याची पिचकारी. टाकी उघडली तेव्हा आत पाण्यापेक्षा दगड जास्त. पाऊण बादली पांढरे खडे निघाले.

“काका, बूच मात्र एक नंबर बसवलं होतंत,” प्लंबर म्हणाला.

एरवी घड्याळजी सुखावले असते. त्या दिवशी त्यांनी खाली मान घालून खड्यांची बादली उचलली.

आता गीझर दर सहा महिन्यांनी साफ होतो. बूच बायकोच्या शिवणाच्या डब्यात आहे. घड्याळजींनी कशाला ‘मी बघतो’ म्हटलं की ती ते काढून टेबलावर ठेवते.

आणि रोज सकाळी नऊला घड्याळजी न्हाणीघराबाहेर स्टूल टाकून बसतात.

“अहो, पडतोय का?” ती विचारते.

“थांब. एक… दोन…”

थेंब अजूनही वेळेत पडत नाही. तिसरा लांबला, की मधली टिकटिक घड्याळजींची छाती भरून काढते.

“पडला. जा.”