कोपराचा फोटो

पाटी लावायची ती नवशिक्यांनी, असा त्या रफूगाराचा चाळीस वर्षांचा तोरा. पण गिऱ्हाईक आटलं, तशी लेक हटून बसली, "बाबा, आता वेबसाइट करायचीच." डिझायनर बाईही तिनेच ठरवली.

बाई कॅमेरा घेऊनच आली. "काका, तुमचं काम दाखवा."

रफूगाराने दहा वर्षांपूर्वी रफू केलेला स्वतःचा कोट तिच्यापुढे टाकला. "शोधा!"

बाईने बाह्या उलट्यापालट्या केल्या, उजेडात धरल्या, शेवटी हात टेकले. "अहो, जे दिसतच नाही त्याचा फोटो कसा काढू?"

"तेच तर माझं काम!" तो मिशीतल्या मिशीत हसला.

तेवढ्यात बाईचं लक्ष टेबलावर गेलं. तिथे त्याने कालच पुरा केलेला राखाडी कोट होता. "हे बघा, कोपरावर! इथे किती स्पष्ट दिसतंय! हाच फोटो पहिल्या पानावर घालू."

लेकीने मान खाली घातली. बाबांचं रफू आता दिसू लागलंय, हे तिला महिनाभर ठाऊक होतं.

रफूगार कोट घेऊन खिडकीशी गेला. कोपर पार नाकाला लावून त्याने पुन्हा पुन्हा पाहिलं. त्याला काहीच दिसलं नाही.