पौषातला आंबा

आमच्या आळीत कुणाच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, हे त्या घरातल्या बाईच्या आधी मला ठाऊक असतं. नवरा म्हणतो, रहिमतपूरच्या चौकात कॅमेऱ्याच्या जागी हिलाच टांगा. त्याचं नाव धैर्यशील. पाल दिसली की कॉटवर चढतो, त्यामुळं त्याचं बोलणं मी कधी मनावर घेतलं नाही. घ्यायला हवं होतं.

शेजारच्या उमाची थोरली लेक सृष्टी. वडील फौजेत, जम्मूकडं. पोरगी सांगलीला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला. आळीतून पहिलीच. सुट्टीला आली की बीपीचं मशीन घेऊन घरोघर फिरायची. भामाबाईंना म्हणायची, "आजी, पापड बंद." भामाबाई म्हणायच्या, "तुझ्या लग्नातलेबी?" म्हाताऱ्यांच्या गोळ्या सकाळच्या-संध्याकाळच्या वेगळ्या करून ठेवायची. हात तर इतका हलका, की इंजेक्शन देऊन झाल्यावर आमचे धैर्यशीलराव डोळे मिटूनच विचारत होते, "दिलं का गं?"

एक सवय मात्र होती तिला. बोलताना, हसताना तळहात तोंडापुढं धरायची. मी दारापुढच्या ओट्यावर तिची हुबेहूब नक्कल करायचे. बायका लोटपोट व्हायच्या. तीही हसायची, तळहात तोंडापुढं धरूनच.

यंदा संक्रांतीच्या सकाळी मी गच्चीवर वाळवण बघायला गेले, तर आंब्याचा वास. पौष महिना, थंडीनं हात आखडलेले आणि हापूसचा घमघमाट! शेजारच्या गच्चीवर टाकीच्या आडोशाला सृष्टी उभी. हातात गुलाबी काहीतरी, नेलपॉलिशच्या बाटलीएवढं. ते तोंडाला लावायची आणि नाकातोंडातनं पांढरा धूर सोडायची. मी ओळखलं. मोबाईलवर बघितलेलं होतं, बंदी असूनही चोरून विकतात ती बॅटरीवरची, फळांच्या वासाची सिगारेट.

आता शहाणी बाई काय करेल? खाली जाऊन पोरीला हळूच विचारेल. मी खाली गेले आणि यमक जुळवत बसले.

संध्याकाळी उमाच्याच घरी हळदीकुंकू. वीस-बावीस बायका. तिळगूळ झाला, अत्तर झालं, वाण यायचं होतं, आणि भामाबाईंनी सुरू केलं, "मधे, नाव घे गं. तुझ्याशिवाय मजा न्हाई." मी पदर खोचला आणि घेतलं:

"पौषात आंब्याचा वास येतोय तरी कुठनं?
धैर्यशीलरावांचं नाव घेते, सृष्टीच्या नाकातनं!"

खोली हसण्यानं दणाणली. ज्यांना काही कळलं नव्हतं त्या जास्त हसल्या. सृष्टी वाणाचं ताट घेऊन दारात उभी होती. दोन्ही हात अडकलेले, त्यामुळे तळहात तोंडापुढं नेता येईना. तोंड उघडं राहिलं, आणि एवढे दिवस नक्कल करत आलेल्या मला पहिल्यांदाच तिचे दात दिसले. कडा काळ्या.

"म्हणजे काय, आक्का?" उमानं विचारलं. उमा वाईची, शहरात वाढलेली. आवाज कधी चढवत नाही. मी म्हटलं, "पोरीच्या स्वेटरचा खिसा बघ की." अजून मी हसतच होते.

उमानं खिशात हात घातला. गुलाबी वस्तू बाहेर आली. बायका एकेक करून उठल्या. वाण कुणीच नेलं नाही. वाणाच्या सगळ्या वाट्या ताटात तशाच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी कळलं, बापानं फोनवर सांगितलं, पोरीला हॉस्टेलवर पाठवायचं नाही. आणि सोमवारी तर तिची प्रॅक्टिकलची परीक्षा होती. ती बुडली की वर्ष बुडालं, आणि बापाचा स्वभाव बघता नर्सिंगच बुडालं.

मी गेले. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं म्हणून नाही; पुढं काय झालं ते बघायला गेले. सृष्टी मागच्या अंगणात भांडी घासत होती.

"रागावलीस व्हय गं काकीवर?"

"न्हाई."

मी पायरीवर टेकले आणि सवयीनं कमरेची डबी काढली. मी मशेरी लावते. आमच्याकडं तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजतात, कुटतात आणि तीच दाताला चोळतात. दात घासायचं निमित्त, बाकी सगळी तल्लफ. बोट दाताला लागलं आणि बघते तर सृष्टीचे डोळे डबीवर.

"काकी," ती हळूच म्हणाली, "आईला मी डबीचं सांगितलं न्हाई."

"कुठल्या डबीचं?"

"तुमी दिलेल्या."

माझं बोट तोंडात तसंच राहिलं.

सृष्टी तेव्हा दहा वर्षांची असेल. उमा माहेरी गेलेली, पोरगी माझ्याकडं ठेवलेली. दाढ दुखते म्हणून रडत होती. मी चिमूटभर मशेरी तिच्या दाढेला दाबली. आमच्याकडं असंच करतात. माझ्या आईनं माझं केलं होतं. दाढ बधिर झाली, पोरीला भोवळ आली, ती भडाभडा ओकली. मी हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगी परत ओट्यावर हजर. ओट्यावर आम्ही बायका डब्या काढून बसायचो. लहान पोरींना तिथं बसू द्यायचो नाही. पाणी आण, चाळणी आण, असं पिटाळायचो. हिनं बोट पुढं केलं. मी चिमूट दिली आणि ओरडले, "घ्या, आली आपली धाकटी जाऊ!" सगळ्या हसल्या, सरकल्या, तिला बसायला जागा दिली. पोरगी एवढी फुलली! त्या संक्रांतीला मी आळीत स्टीलच्या चिमुकल्या डब्या वाण म्हणून लुटल्या होत्या, वर माझं नाव घातलेल्या. उरलेली एक मी भरून हिच्या हातात दिली. उमाला मशेरीच्या वासानंच मळमळायचं, म्हणून वर बजावलं, "आईला सांगू नगंस."

तिनं बारा वर्षं सांगितलं नाही.

"मग ते गुलाबी गं?" मी विचारलं.

"हॉस्टेलात पहिल्याच आठवड्यात पोरींनी दात बघितले. एकीनं नाक दाबलं, खेडवळ म्हणाली. मशेरी सोडली, तर डोकं फुटायचं, हात कापायचे. कापऱ्या हातानं सुई कशी धरायची? संध्याकाळी त्याच पोरी गच्चीवर हे वढायच्या. ह्यानं दात काळं होत न्हाईत म्हणाल्या. मी एकदा वढलं, तर सरकल्या. मला बसायला जागा दिली."

एवढं बोलून ती पातेलं घासायला लागली. घासलेलंच पुन्हा घासत होती.

"काल सगळ्यांसमोर माझं नाव का घेतलं न्हाईस?"

"एकीची अब्रू गेली तेवढी बास झाली, काकी."

मला बोलता येईना. मला! नवऱ्यानं ऐकलं असतं तर देवाला नारळ फोडला असता.

मी तशीच आत गेले. उमाजवळ भामाबाई बसलेल्या. मी म्हटलं, "उमे, पोरीचा दोष न्हाई. तिला तंबाखू मी लावली. धा वर्षाची हुती तवा."

भामाबाई फिस्सकन हसल्या. "मधे, आजबी?"

उमानं डोळे मिटले. "आक्का, हात जोडते. आज तुमची गंमत नको."

"गंमत न्हाई गं, खरं सांगते!"

"हेच तुम्ही दर वेळी म्हणता."

खरं होतं. प्रत्येक थापेच्या आधी मी हेच म्हणते. इतक्या वर्षांत मी हसवण्याचा असा धंदा मांडला होता, की खरं सांगायला माझ्याकडं वेगळा आवाजच उरला नव्हता.

मी अंगणात आले. सृष्टी म्हणाली, "काकी, नगा." पण मला जागा ठाऊक होती, मीच दाखवलेली. तुळशीच्या कट्ट्याची मागची वीट सुटलेली होती. ती ओढली, आत हात घातला आणि डबी काढून उमासमोर ठेवली. झाकणावर माझं नाव, आत तळाला चिकटलेली काळी भुकटी.

उमा उठली. देवघरातली कुंकवाची डबी घेऊन आली. तीही माझ्याच वाणाची, तेच नाव. दोन्ही शेजारी ठेवून ती कितीतरी वेळ बघत बसली. भामाबाई हसायच्या थांबल्या.

"शुक्रवारी भामाबाईंकडं हळदीकुंकू आहे," उमा म्हणाली. "जेवढ्या बायकांत बोललात, तेवढ्यांत हे सांगा. मग मी हिच्या वडलांशी बोलते."

शुक्रवारी गेले. सृष्टी कोपऱ्यात मान खाली घालून बसलेली. मी उभी राहिले आणि बायका आधीच हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून तयारच. मी यमक जुळवलं नव्हतं. सरळ सांगितलं: दाढ, चिमूट, ओटा, डबी. दाढेपर्यंत हसत होत्या. डबीपर्यंत कुणी हसेना. ओट्यावर बसणाऱ्या चौघी-पाचजणींचे हात नकळत कमरेशी गेले, आणि त्यातल्या एकीनं पोटाशी बसलेल्या आपल्या नातीकडं बघितलं. माझे कान तापले होते. मुतायला लागल्यासारखं पाय हलवत उभी होते, शाळेत पट्टी खाताना उभी राहायचे तशी. भामाबाईंनी वाण दिलं, ते पदरात घेतलं.

उमानं त्याच दिवशी नवऱ्याला फोन लावला. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. पहिल्यांदाच मी भिंतीला कान लावला नव्हता.

रविवारी सृष्टी सांगलीच्या एसटीत बसली. मी स्टँडवर गेले होते, लांब उभी राहिले. खिडकीतनं हाक मारून ती म्हणाली, "काकी, आजपास्नं मीबी बंद, तुमीबी बंद. बघू कोण टिकतंय."

संध्याकाळी उमा दारात आली. दोन्ही डब्या घासून, पुसून आणलेल्या. "कुंकू मी दुसऱ्या करंड्यात काढलंय," म्हणाली. आत ये म्हटलं, आली नाही. तिच्या देवापुढं माझं नाव नको होतं तिला. कुणाला हवं असेल?

एका डबीत मी लवंगा भरल्या. तल्लफ आली की चघळते. दुसरी रिकामी आहे.

परवा सृष्टीचा फोन आला. परीक्षा चांगली गेली. "काकी, माझा आज बारावा दिवस. मधी दोनदा जीव लय कासावीस झाला, पण न्हाई वढलं. तुमचा?"

"बारावा," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

धैर्यशीलराव पेपरातून डोकं वर काढून माझ्याकडं बघत होते. मीच परत फोन लावला.

"सृष्टे, खोटं बोलले गं. माझा तिसरा."

पलीकडं ती हसली. हसताना आवाज दबलेला नव्हता. तळहात तोंडापुढं नसावा.

"हसत न्हाई, काकी," ती हसतच म्हणाली. "उद्या चौथा. सकाळी फोन करते, खरं सांगायचं."