लुगड्याचा माळ

लोणावळ्यापासून आंदर मावळापर्यंत आज जेवढी म्हणून झाडं उभी आहेत, ती सगळी आमच्या तळमजल्यावरच्या आत्यांना घाबरून उभी आहेत, असं माझं ठाम मत आहे. पडायची त्यांची हिंमतच नाही. आत्या माझ्या नात्याने कुणीच लागत नाहीत. बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्याच त्या आत्या आहेत, वॉचमनच्यासुद्धा. त्यांचे यजमान रेल्वेत होते म्हणून त्या लोणावळ्यात आल्या आणि ते गेल्यावर इथेच राहिल्या. माहेर मात्र आंदर मावळात, टाकव्याच्या पुढे एसटी जिथे दमून थांबते तिथूनही बरंच चालून. आत्या बोलत नाहीत, भांडतात. सकाळी दूधवाल्याशी भांडून घसा मोकळा करतात, दुपारी टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडतात आणि संध्याकाळी फिरायला म्हणून बाहेर पडतात, ते रस्त्याकडेच्या फलकांशी भांडायला.

मी अगदी उलट. मी इंग्रजी शाळेत शिकले. तिथे रागसुद्धा 'एक्सक्यूज मी' म्हणून सुरू करायला शिकवतात आणि तोवर समोरचा माणूस निघून गेलेला असतो. राग मलाही येतो. माझ्या खोलीच्या खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराचं डोकं आता सपाट झालंय. वर ओळीने बंगले, प्रत्येक बंगल्याला पोहायचा निळा हौद, आणि खालच्या वाडीतल्या बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत उभ्या. डोंगर कापून झाला, की त्या जागेला नाव मात्र डोंगराचंच देतात, मेलेल्या माणसाचं रस्त्याला द्यावं तसं. हे सगळं मला दिसतं, घशापर्यंत येतं आणि मी ते गिळून टाकते. आत्या गिळत नाहीत. "हे काय लिवलंय गं?" एका फलकापुढे उभं राहून त्यांनी मला विचारलं होतं. मी अर्थ सांगितला: कुजबुजत्या अरण्याची कूस, असं काहीतरी. "कुजबुजनार न्हाई तर काय करंल? मोठ्यानं बोललं तर त्येला बी तोडत्याल!" आणि फलकावरच्या नंबरला तिथूनच फोन लावून त्यांनी पलीकडच्या माणसाला, त्याच्या घरात कुणी त्याच्या आईची कूस फुटाच्या भावाने विकली होती का, असं विचारलं. पलीकडच्याने फोन ठेवला. आत्यांनी पुन्हा लावला.

त्यांचा आवडता उद्योग म्हणजे फुकटची साइट व्हिजिट. प्लॉटवाले सोमाटणे फाट्यावरून गिऱ्हाइकांना गाडीत घालून जागा दाखवायला नेतात, वाटेत वडापाव आणि चहा. आत्या ठेवणीतली पर्स घेऊन त्या गाडीत बसतात. एकदा मला घेऊन गेल्या. "तू फकस्त इंग्रजीतनं गप्प बस," त्यांनी मला बजावलं. "मराठीतनं गप्प बसलेली पोरगी गरीब वाटती. इंग्रजीतनं बसली की पैसेवाली." टाय लावलेल्या एजंटला त्यांनी सांगितलं, की ही माझी भाची, लंडनला असते, हिला बंगला बघायचाय. आयुष्यात प्रथमच माझ्या भिडस्तपणाचा कुणाला तरी उपयोग होत होता. गाडीत पुण्याचं एक जोडपं होतं. जागेवर पोचल्यावर एजंट हात पसरून म्हणाला, "मॅडम, पावसाळ्यात इथून सात धबधबे दिसतात." आत्या वडापाव संपवून बोटं पुसत म्हणाल्या, "दिसत्यात की. त्यातला एक तुमच्या हॉलमधनं जातो." मग त्यांनी त्या जोडप्याला सगळं फिरवून दाखवलं: ओढ्याचा बुजवलेला मार्ग, गेल्या पावसात खचलेला कडा, आणि जिथे 'क्लब हाउस' होणार होतं तिथली स्मशानाची वाट. परत जाताना जोडप्याने रंगीत माहितीपत्रक गाडीतच सोडलं. एजंट भडकला. "मावशी, तुमी पुन्हा गाडीत बसायचं न्हाई!" "बसनार," आत्या म्हणाल्या, "पन उद्या चटनी जरा जास्त आन."

इथवर गंमत आहे. पुढचं सांगताना मला आजही राग येतो. आपल्याकडे रीत आहे, की बाप गेला की बहिणींनी हक्कसोड लिहून द्यायचं, म्हणजे बापाच्या जमिनीतला आपला हिस्सा भावाच्या नावे सोडून द्यायचा. त्याबदल्यात भाऊ साडी नेसवतो आणि बहिणीला माहेरचं दार उघडं राहतं. कायद्यात बहिणीला हिस्सा आहे, रीतीत साडी आहे. आत्यांच्या माहेरच्या गावाच्या वर एक पठार आहे, गावकरी त्याला वरचा माळ म्हणायचे. हिरड्याजांभळांची दाट राई, राईच्या पोटात झरा. उन्हाळ्यात सगळं गाव तोच झरा पितं. माळ भावकीतल्या घरांचा सामाईक होता आणि एका रिसॉर्टवाल्याला तो सगळाच्या सगळा हवा होता. भाऊ तयार झाले. फक्त बहिणींच्या सह्या राहिल्या होत्या, आणि त्या तर कुणी मोजतच नव्हतं.

आत्यांच्या थोरल्या भावाने, दादांनी, चूक एकच केली. साडी आधी दिली. हिरवी, जांभळ्या काठांची. आत्या ती नेसूनच वडगावच्या कचेरीत गेल्या, बाकावर बसून दादांनी आणलेला चहा प्यायल्या, आणि सहीची वेळ आल्यावर उभ्या राहून त्यांनी पदर खोचला.

"दादा, लुगडं लय झ्याक हाय. सही न्हाई करनार."

"आगं, लुगडं घेतलंस की!"

"लुगडं तू दिलंयास. माळ बाचा हाय. झरा तर बाचा बी न्हाई."

"म्हायेर तुटंल तुजं. सांगून ठेवतो."

"झरा तुटला तर म्हायेरला पानी कोन पाजंल? तो रिसॉर्टवाला?"

हा संवाद मी आत्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलाय, की दादांचा आवाजही मला काढता येतो. मनातल्या मनात, अर्थात. त्यानंतर आत्या भावकीतल्या सगळ्या लेकींच्या सासरी फिरल्या. सुदुंबऱ्यातल्या चुलतबहिणीच्या दारात उभं राहून त्यांनी रामराम म्हणायच्या आधी "सही केलीस तर बघ" म्हटलं. कुणी घाबरून ऐकलं, कुणी चिडून, कुणाला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की आपल्या नावावर काहीतरी आहे. एकीची सून वकील निघाली. तिने सांगितलं, की सगळ्यांनी मिळून न्यास नोंदवायचा आणि माळ त्या न्यासाचा करायचा. मग तो कुणा एकाचा राहत नाही आणि विकताही येत नाही. गवत कापा, हिरडा वेचा, पडलेलं लाकूड न्या. उभ्या झाडाला हात लावायचा नाही. कचेऱ्यांतल्या इंग्रजी कागदांसाठी आत्या मला सोबत नेत. तिथे मी काय काय ऐकलं! बाई माणसाला जमीन काय करायची आहे. भावाच्या ताटातलं ओढणारी अवदसा. म्हातारपणी हाव सुटली. हे म्हणणाऱ्यांपैकी निम्मे लोक त्याच झऱ्याचं पाणी पिऊन आलेले होते. मी मान खाली घालून कागद चाळत राहायचे आणि माझे कान तापायचे.

बहिणींचे हिस्से मधे अडकल्यावर रिसॉर्टवाला कंटाळून दुसऱ्या डोंगराकडे गेला. मग एकेक भाऊ कुरकुरत न्यासात आला. सगळ्यांत शेवटी दादा आले. सही केली, पेन खाली ठेवलं आणि बहिणीकडे न बघता निघून गेले. माळ राहिला. गावातली पोरं चेष्टेने त्याला 'लुगड्याचा माळ' म्हणू लागली. आता म्हातारेही तेच म्हणतात. आत्यांना भाऊबीजेचं बोलावणं मात्र आलं नाही. त्या वर्षी नाही, पुढच्याही वर्षी नाही.

गेल्या भाऊबीजेला आत्यांनी मला उठवलं. माळ बघून यायचा, म्हणाल्या, न्यासाचं काम. अंगावर तीच हिरवी साडी होती, हातात करंज्यांचा डबा, दोघींना आठवडाभर पुरेल एवढा. माळाच्या कडेवरून खाली दादांचं घर दिसतं: कौलं, अंगण, अंगणात बाज. वर पोचल्या पोचल्या आत्यांना राईच्या कडेला गुरं दिसली. तिथे नवी रोपं यावीत म्हणून चराई बंद आहे. त्या कडेवर गेल्या आणि त्यांनी सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"ए दादा! तुजी गुरं हितं आल्यात!"

एरवी अशा वेळी दादा वर न बघता पोराला पाठवून गुरं हाकलून नेत, असं आत्यांनी मला सांगितलं होतं. त्या दिवशी अंगणातला पांढरा ठिपका उभा राहिला.

"आगं ए भवाने! सनासुदीचं तरी गप बस की! जनावराला काय कळतंय तुजा न्यास?"

मला वाटलं, आता खरं भांडण ऐकायला मिळणार. पण आत्या मटकन दगडावर बसल्या.

"बोलला," त्या म्हणाल्या. "भवानी म्हनला. ल्हानपनी असंच म्हनायचा."

आम्ही बराच वेळ बसलो. गुरं न्यायला पोरगा आला आणि गेला. अंगणातला ठिपका घरात गेला, पुन्हा बाहेर आला, पुन्हा आत गेला. आत्या बघत होत्या. मग उठून पदर झटकत म्हणाल्या, "पन 'ये' न्हाई म्हनला." उतरताना वाट दादांच्या कुंपणाला लागूनच जाते. तिथे आत्या थांबल्या नाहीत. चालता चालता डबा कुंपणाच्या खांबावर ठेवला आणि पुढे गेल्या.

परतीच्या एसटीत त्या खिडकीला डोकं टेकून, डोळे मिटून बसल्या. बाहेर फलकामागून फलक जात होते: धुक्यातली घरं, ढगातली घरं, झऱ्याकाठची घरं. एकालाही शिवी बसली नाही. मला ती शांतता सहन होईना. टाकवं मागे पडलं आणि एक भला मोठा फलक आला; त्यावर एक बाई हिरव्या डोंगराकडे पाठ करून हसत कॉफी पीत होती. मी आजूबाजूला पाहिलं, कुणाचं लक्ष नव्हतं, आणि आत्यांकडून शिकलेली एक शिवी मी त्या फलकाला पुटपुटून दिली.

आत्यांनी डोळे उघडले नाहीत.

"मोठ्यानं दे की," त्या म्हणाल्या. "ऐकू जाया पायजे त्येला."