आधीच झालेल्या सह्या

ती घटना काही केल्या मनातून जात नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. तरी एवढं हतबल मला दुसऱ्या कुठल्याच प्रकरणानं केलं नाही.

वडगावचा एक विणकर. घरात साड्यांचे दोन यंत्रमाग, राबणारे नवरा-बायको दोघंच. ताप आला म्हणून बेळगावातल्या एका खासगी दवाखान्यात दाखल झाला. ताप उतरला, पण सलाईनची सुई लावली होती तिथं पू झाला, विष भिनलं आणि उजव्या हाताचा अंगठा व दोन बोटं कापावी लागली. मागावर तुटलेला धागा याच बोटांनी गाठ मारून जोडतात. फिर्याद घेऊन त्याची बायको आमच्या पोलीस ठाण्यात आली.

"दोन दिस सांगत हुतो आम्ही, हात जळतोय म्हणून. सिस्टर म्हणायची, हुतंय तसं, आक्का."

त्याचे दवाखान्यातले कागद ताब्यात घेतले. दर चार तासांनी सुईची जागा तपासल्याची नोंद, खाली सही. एक रकाना रिकामा नाही. तज्ज्ञ डॉक्टरांच्या मताशिवाय अशा प्रकरणात पुढं जाता येत नाही, आणि हे कागद पाहून मत दवाखान्याच्या बाजूनंच येणार हे दिसत होतं. दवाखान्याचा मॅनेजर तर निवांत चहा मागवत होता. इतका नीटनेटका कागद दिसला की मला मात्र संशय येतो.

दोन दिवसांनी ठाण्यात फोन आला. बाईचा आवाज होता. "साहेब, त्येचे कागद बघून काय उपयोग न्हाय. आज जे झोपल्यात त्येंचे बघा." नाव न सांगता तिनं फोन ठेवला.

सकाळी अकराला पंच घेऊन दवाखान्यात गेलो. खाटांना अडकवलेले तक्ते पाहिले. दुपारी चारची, रात्री आठची, सगळ्या सह्या झालेल्या. आमचे शिपाईही गस्तीच्या वहीत फेरीआधीच सही ठोकतात, त्यामुळे रोग लगेच ओळखला.

सह्या करणारी नर्स निपाणीकडची. ती मराठीत बोलत होती, मी जबाब कन्नडमध्ये लिहीत होतो. अर्धा तास "मी बघितलंय" एवढंच तिचं चाललं होतं. मी आवाज चढवला नाही. तक्ता पुढं ठेवला आणि घड्याळात किती वाजलेत ते विचारलं.

"तीस खाटा, आमी दोघी," ती खालच्या आवाजात म्हणाली. "मॅनेजर कागद बघतोय, पेशंट न्हाय. फिरायचं का लिहायचं, तुमीच सांगा."

"आणि त्या विणकराचा हात?"

"न्हाय बघितला, साहेब." मग ती रडली. मला तिचा रागही आला आणि कीवही.

तिच्यावर आणि मॅनेजरवर दोषारोपपत्र गेलं. खटला रेंगाळला. दरम्यान हाताच्या पुढच्या शस्त्रक्रियांपायी दोन्ही माग विकले गेले. चोर सापडला की मुद्देमाल तरी परत देता येतो. इथं आरोपी हाताशी होते आणि द्यायला काहीच नव्हतं. पाच मिनिटांच्या तपासणीची कसर दवाखान्यानं केली, भरपाई त्या घरानं केली. या प्रकरणानं मला शिकवलं ते एवढंच.

निवृत्तीनंतर उद्यमबागेत एका कारखान्याच्या फाटकावर तो विणकर दिसला. वॉचमनचा गणवेश होता. मला ओळखून तो उठला.

"बरं हाय, साहेब. बायको दुसऱ्याच्या मागावर जातीया."

आणि त्यानं डाव्या हातानं सलाम केला. उभ्या नोकरीत हजारो सलाम घेतले. तो मला घेता आला नाही.