वरात थांबते ते फाटक

उजवा हात खांद्याच्या वर, पंजा उघडा, बोटं जुळलेली. समोर सायकलवाला असो, सरपंच असो, की नवरदेवाची घोडी असो, गेटमनमामांचा हा हात सगळ्यांना सारखाच. आणि हातापाठोपाठ ते वाक्य यायचंच.

"वाकायचं तं देवळात वाका. इथं नाय."

तुमच्या रस्त्यावर कधी रेल्वेचं फाटक असेल, तर ते वाकणं तुम्हीही पाहिलं असेल. लाल-पांढरा दांडा आडवा पडलेला असतो, आणि माणूस त्याच्याखालून असा निवांत जातो, जसं काही परसातल्या दोरीवरचं धुणं बाजूला सारून चाललाय. सायकल आडवी करून, स्कूटर तिरकी करून, डोक्यावरची पाटी न उतरवता नुसतं गुडघ्यात वाकून. मला तर त्या कलेचं कौतुकच वाटायचं. मामांना मात्र त्याचा भयंकर राग.

मी तेव्हा नाशिकरोडच्या एका बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचो. नव्वदीची ती वर्षं म्हणजे आमची चलती होती. लग्नसराईत निफाडच्या बाजूच्या गावांना आमचा टेम्पो निघायचा आणि हमखास त्या फाटकात अडकायचा. फाटक ओलांडलं की गावाची शीव सुरू, त्यामुळे वराती तिथूनच निघायच्या. आम्ही टेम्पोतून उतरून वाजवायला सुरुवात करावी, तर मामा केबिनमधून हात वर करून हजर.

"फाटकापाशी बँड नाय. शिट्टी आयकू येऊ द्या गाडीची."

"मामा, नवरदेव काय मुक्याने न्यायचा का?"

"पन्नास पावलं पुढं जाऊन फोडा की कान गावाचे!"

आम्ही चरफडायचो. ढोलवाला तर त्यांना लग्नातला सुतकी म्हणायचा. पण मामा सुतकी अजिबात नव्हते. फाटक बंद असलं की त्यांच्या माठातलं पाणी अडकलेल्या प्रत्येकाला मिळायचं, आणि पाण्याबरोबर चौकशा. तुम्ही कुठले, पोरगी कुठं दिली, भाऊ काय करतो? या चौकशांतून त्यांनी किती सोयरिकी जुळवल्या, विचारू नका. गाडी यायला उशीर झाला की मामा खुलायचे.

त्यांच्या मुलीचं लग्नही असंच फाटकात जमलं. नामपूरकडचे एक कांद्याचे शेतकरी बहिणीला भेटायला या गावात यायचे. भरघोस मिशा, आवाज मोठा, स्वभाव त्याहून मोठा. चार-सहा वेळा फाटकात अडकले, माठातलं पाणी प्यायले, आणि पाणी द्यायला आलेली मुलगी त्यांना सून म्हणून पसंत पडली.

वाकणाऱ्यांवर मामा एवढे का चिडतात, ते मी एकदा विचारलं होतं. त्यांनी आधी हातातली झेंडी गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, "एक दूधवाला व्हता. लय चांगला मानूस. मालगाडी गेली, तसा लगेच वाकून निघाला. दुसऱ्या लाईनीवरची गाडी मालगाडीच्या आड व्हती, त्याला दिसलीच नाय. सायकल अलीकडंच टेकवलेली. किटल्या धड. माझ्या घरातली चादर टाकली मी त्याच्यावर." आणि उठून माठ भरायला गेले. त्यानंतर मी त्यांना कधी छेडलं नाही.

तर मुलीचं लग्न. गोरज मुहूर्त. बँड आमचाच, पण वरपक्षाने ठरवलेला. मामा त्या दिवशी रजेवर होते. डोक्याला गुलाबी फेटा, हातात ओवाळणीचं ताट. रिवाजाप्रमाणे ते व्याह्यांना घ्यायला शिवेवर, म्हणजे फाटकाच्या पलीकडच्या अंगाला उभे होते. अलीकडे आम्ही, घोडी, नवरदेव आणि ट्रकभर नामपूरकर. नामपूरहून निघायलाच उशीर झालेला. सूर्य कलायला लागला होता. आणि फाटक पडलं.

ड्यूटीवरचा दुसरा गेटमन झेंडी घेऊन उभा राहिला. मालगाडी आली ती संपेचना. शेवटचा डबा गेला, तरी फाटक उघडेना. वरातीत चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "गेली ना गाडी, चला!" दोन-तीन मानकरी दांड्याखाली शिरले. नवरदेव घोडीवरून उतरला, मुंडावळ्या एका हाताने वर धरून वाकायच्या बेतात आला. त्याच्या पुढे खुद्द व्याही.

पलीकडून मामांचा आवाज आला. तोच, रोजचा.

"मागं व्हा! वाकायचं तं देवळात वाका!"

मंडळी, मुलीच्या बापाने वरबापाला भर वरातीत मागे व्हा म्हणायचं, हे काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. दांड्याखाली शिरलेले मानकरी मागे सरले. व्याह्यांचा चेहरा लालबुंद झाला आणि त्यांची अहिराणी सुटली.

"पोऱ्याना बाप शे मी! इतला अपमान? ट्रक फिरवा रे! नही करनं लगीन!"

मामांच्या मागे बायकांत रडारड सुरू झाली. मांडवात मुलगी हळद लावून बसलेली. कुणीतरी मामांना म्हणालं, "पाया पडा, माफी मागा, मुहूर्त चाललाय." मामांनी एकदा मांडवाच्या दिशेने वळून पाहिलं, ते मला अलीकडूनही दिसलं. बाप होता तो शेवटी. पण तोंडातून माफी काही निघाली नाही.

तेवढ्यात वरातीतल्या एका पोक्त पाहुण्याने मार्ग काढला. "वाजवा रे बँड! वाजतगाजत नेऊ नवरदेव, मग कोन अडवतं बघू!" आम्ही वरपक्षाचे. वाजवायला लागलो. ढोल कडाडला, ताशा सुटला, व्याही पुन्हा मिशीवर ताव देत मुलाचा हात धरून दांड्याकडे निघाले.

मामांनी ताट जमिनीवर ठेवलं आणि हात वर केला. या वेळी माझ्याकडे बघून. मी क्लॅरोनेट तोंडातून काढलं. मी थांबलो म्हणून ताशा थांबला, ताशा थांबला म्हणून ढोल.

आणि त्या शांततेत शिट्टी ऐकू आली. अगदी जवळून.

दुसऱ्या लाईनवरून, उलट्या दिशेने एक्स्प्रेस आली आणि धडधडत गेली. व्याह्यांचा फेटा उडून रस्त्यावर पडला, घोडी दोन पावलं मागे सरली. नवरदेवाने एका हाताने अजून मुंडावळ्या धरलेल्याच होत्या.

दांडे वर गेले. व्याही सरळ चालत रूळ ओलांडून मामांपुढे उभे राहिले. त्यांनी हात जोडले.

"आते तरी वाकू का, व्याही?"

आणि खरोखरच वाकले. मामांनी त्यांना अर्ध्यातच धरलं आणि दोघे एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. माझेही डोळे भरून आले. मुहूर्त थोडा हुकला, पण भटजींनी समजुतीने घेतलं. जेवणात जिलेबी होती आणि व्याह्यांनी ती मामांना स्वतःच्या हाताने एवढी भरवली, की शेवटी मामांना त्यांच्यापुढेही तोच हात वर करावा लागला.

तेव्हापासून त्या गावात रिवाजच पडला. फाटक उघडं असलं तरी वरात तिथे थांबायची, बँड गप्प व्हायचा, कुणीतरी नारळ फोडायचं, मग पुढे. मामांना हे फार आवडायचं. "आता कसं शान्यासारखं!" म्हणायचे.

पुढे ते निवृत्त झाले आणि नामपूरला मुलीकडे राहायला गेले. तिथल्या चावडीवरही सोयरिकी जुळवायचे म्हणे. तिथेच, पिकल्या वयात, झोपेत गेले. काही वर्षांनी फाटकही गेलं. रुळांखालून भुयारी रस्ता झाला. आता वाकायची गरजच नाही.

मी वाजवणं सोडण्यापूर्वीचं माझं शेवटचं लग्न त्याच गावातलं. वरात भुयारी रस्त्याच्या तोंडाशी आली आणि सगळे आपोआप थांबले. नव्या पोरांना कारणही माहीत नसेल. दोन-तीन लहान मुलं पुढे पळाली, तशी गर्दीतून एका बाईने हात वर केला. पंजा उघडा, बोटं जुळलेली. मामांची मुलगी होती ती, आत्तेसासूकडच्या लग्नाला आलेली. मुलं जागीच थांबली.

डोक्यावरून गाडी गेली. रस्त्यावर तिचा काही धोका नव्हता. तरी गाडी गेल्यावरही तिने हात खाली घेतला नाही. दुसरी येतेय का, ते कान देऊन ऐकत उभी राहिली. आम्हीही उभे राहिलो.

मग माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "हं. वाजवा आता."